वाचकांचे प्रश्न : नोरिआकी कासाई आणि स्की जंपिंगचं गणित

मागच्या अंकात हिवाळी खेळांवरच्या लेखात नोरिआकी कासाई या जपानी स्की जंपरचा (स्की बांधून टेकडीवरून घसरत येऊन लांब उडी मारणाऱ्या खेळाडूचा) चार ओळींत उल्लेख होता : आठ हिवाळी ऑलिंपिक, 41व्या वर्षी वैयक्तिक रौप्य, पन्नाशीनंतरही स्पर्धेत. त्यावर बरेच प्रश्न आले. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : एवढी लांब कारकीर्द खरंच शक्य आहे का? की मधली बरीच वर्षं तो नावापुरताच खेळत होता? (सातारा)

उत्तर : आकडे खरे आहेत. कासाईचा जन्म 6 जून 1972 चा, होक्काइदो बेटावरच्या शिमोकावा या लहानशा गावातला. डिसेंबर 1988 मध्ये साप्पोरोला तो पहिल्यांदा विश्वचषकात उतरला तेव्हा 16 वर्षांचा होता. 17 फेब्रुवारी 2024 ला त्याच साप्पोरोत तो 30वा आला आणि त्याच्या खात्यात एक गुण जमा झाला. त्या दिवशी त्याचं वय होतं 51 वर्षं 256 दिवस.

इथे एक खुलासा हवा. स्की जंपिंगचा विश्वचषक क्रिकेटसारखा चार वर्षांतून एकदा येत नाही. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत जवळपास दर शनिवार-रविवारी वेगवेगळ्या गावी स्पर्धा होतात. पात्रता फेरीतून 50 जण निवडले जातात, पहिल्या उडीनंतर 30 उरतात आणि गुण त्या 30 जणांनाच मिळतात : पहिल्याला 100, दुसऱ्याला 80, तिसऱ्याला 60, असं करत तिसाव्याला 1. म्हणजे 51व्या वर्षी मिळालेला तो एक गुण कौतुकाखातर दिलेला नव्हता, 20 जणांना मागे टाकून मिळवलेला होता. मार्च 2016 मध्ये प्लानित्साला कासाईने वैयक्तिक विश्वचषक स्पर्धांची पाचशेवी हजेरी लावली. तिथवर त्याच्याआधी कुणीही पोहोचलं नव्हतं.

मधली वर्षं नावापुरती नव्हती, पण आलेख सरळ चढताही नव्हता. 1992 मध्ये, 19व्या वर्षी, हाराखोवला तो स्की फ्लाइंगचा, म्हणजे सर्वांत मोठ्या टेकड्यांवरच्या उड्यांचा, जगज्जेता झाला. 1992-93 आणि 1998-99 या हंगामांत विश्वचषकाच्या एकूण क्रमवारीत तिसरा आला, आणि त्याच दोन हंगामांत फोर हिल्स या नववर्षाच्या सुमाराला होणाऱ्या चार स्पर्धांच्या मालिकेत दुसरा. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये पार घसरला. पण पुढच्याच वर्षी वाल दी फिएम्मेच्या जागतिक स्पर्धेत दोन वैयक्तिक कांस्यं आणि एक सांघिक रौप्य घेऊन आला. फेब्रुवारी 2004 मध्ये पार्क सिटीला जिंकला आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं विजय नाही. मग 11 जानेवारी 2014 ला ऑस्ट्रियातल्या बाड मिटर्नडॉर्फला, 41 वर्षं 219 दिवसांचा असताना पुन्हा पहिला. त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला फिनलंडच्या रुकाला सिमोन अमान या स्विस खेळाडूबरोबर बरोबरीत पहिला. तो त्याचा 17वा विजय.

आमच्या मते त्याचं मोठेपण मोजायचं तर ते विक्रमांच्या यादीपेक्षा 2004 ते 2014 या कोरड्या दशकातून मोजावं. विसावा-पंचविसावा येण्यासाठी वर्षानुवर्षं पहाटे उठणं फार थोड्यांना जमतं.

प्रश्न : आठ ऑलिंपिक म्हणजे 28 वर्षं. मग 1992 ते 2018 हे 26 वर्षांतच कसं बसतं? (नाशिक)

उत्तर : 1992 पर्यंत उन्हाळी आणि हिवाळी ऑलिंपिक एकाच वर्षी होत. मग ती वेगळी करायचं ठरलं, म्हणून आल्बर्टव्हिल 1992 नंतर दोनच वर्षांनी लिलेहामर 1994 झालं. पुढे नागानो 1998, सॉल्ट लेक सिटी 2002, तोरिनो 2006, व्हँकुव्हर 2010, सोची 2014 आणि प्योंगचांग 2018. प्योंगचांगच्या उद्‌घाटनाला जपानचा ध्वज त्याच्याच हाती होता. 2022 च्या बीजिंगसाठी त्याची निवड झाली नाही. पदकं तीन : 1994 चं सांघिक रौप्य, 2014 चं मोठ्या टेकडीवरचं वैयक्तिक रौप्य आणि 2014 चंच सांघिक कांस्य. सुवर्ण एकही नाही.

प्रश्न : सोचीत कासाईच्या दोन्ही उड्यांची बेरीज विजेत्यापेक्षा जास्त होती असं दिसतं. मग रौप्य का? (पुणे, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी)

उत्तर : प्रश्न नेमका आहे, म्हणून पूर्ण हिशेब मांडतो.

प्रत्येक टेकडीला एक के-पॉइंट असतो. तिथवर उडी गेली की अंतराचे 60 गुण. त्यापुढे दर मीटरला मोठ्या टेकडीवर 1.8 गुण वाढतात, अलीकडे पडलात तर तितकेच कापले जातात. लहान टेकडीवर हा दर 2 गुणांचा, स्की फ्लाइंगला 1.2 चा, आणि तिथे के-पॉइंटला 60 ऐवजी 120 गुण असतात.

सोचीच्या मोठ्या टेकडीचा के-पॉइंट 125 मीटरवर होता. पोलंडचा कामिल स्तोख 139 आणि 132.5 मीटर गेला, कासाई 139 आणि 133.5. अंतराचे गुण असे :

स्तोख : 60 + (14 × 1.8) = 85.2, आणि 60 + (7.5 × 1.8) = 73.5. एकूण 158.7.

कासाई : 85.2, आणि 60 + (8.5 × 1.8) = 75.3. एकूण 160.5.

म्हणजे अंतरात कासाई 1.8 ने पुढे. अंतिम निकाल मात्र स्तोख 278.7, कासाई 277.4. याचा अर्थ अंतराखेरीजच्या गुणांत कासाई 3.1 ने मागे पडला. हे गुण तीन ठिकाणांहून येतात. पहिलं, शैली : पाच पंच प्रत्येकी 20 पैकी गुण देतात, अर्ध्या गुणाच्या टप्प्याने, आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण सोडून उरलेल्या तिघांची बेरीज धरतात. दुसरं, वारा : समोरून येणारा वारा खेळाडूला उचलून धरतो म्हणून त्याचे गुण कापतात. पाठचा वारा खाली दाबतो, त्याचे गुण देतात. तिसरं, गेट : वाऱ्याचा रंग बघून पंचमंडळ सुरुवातीची बैठक वर-खाली करतं, त्याने वेग बदलतो आणि त्याचीही भरपाई होते.

आता फेरीनुसार पाहा. पहिल्या फेरीत दोघंही 139 मीटर, तरी स्तोखला 143.4 आणि कासाईला 140.6. दुसऱ्या फेरीत कासाई 136.8, स्तोख 135.3. दुसऱ्या उडीत कासाईने दीड गुण भरून काढला, पहिल्या फेरीतले 2.8 मात्र पुरते भरले नाहीत. एक पूर्णांक तीन दशांश गुण म्हणजे या टेकडीवर पाऊण मीटरहून कमी. तिसरा आलेला स्लोव्हेनियाचा पेतर प्रेव्ह्ट्स 274.8 वर होता.

अंतर बरोबरीचं असताना सुवर्ण बरेचदा जमिनीला पाय टेकताना निसटतं. उतरताना एक पाय पुढे, दुसरा मागे, गुडघे लवचिक आणि हात बाजूला पसरलेले असा टेलिमार्क पंचांना लागतो. दोन्ही पाय जोडून उतरलात तर प्रत्येक पंच निदान 2 गुण कापणार हे धरून चालायचं. तीन पंचांचे मिळून ते 6 होतात, म्हणजे मोठ्या टेकडीवर सव्वातीन मीटरची कमाई गेली. आणि अडचण अशी की जितकं लांब जावं तितका खालचा उतार सपाट होत जातो, त्यामुळे लांब उडीनंतरच टेलिमार्क सगळ्यांत अवघड.

प्रश्न : 1994 ला जपानच्या हातातलं सांघिक सुवर्ण गेलं आणि 1998 ला घरच्या मैदानावर सुवर्ण मिळालं तेव्हा कासाई संघातच नव्हता. नेमकं काय घडलं? (नागपूर, सोलापूर)

उत्तर : लिलेहामरला जपानच्या संघात जिन्या निशिकाता, ताकानोबू ओकाबे, कासाई आणि मासाहिको हारादा होते. सांघिक स्पर्धेत चौघांच्या प्रत्येकी दोन उड्या धरतात. शेवटची उडी हारादाची होती आणि सुवर्णासाठी साधारण 105 मीटर पुरेसे होते. के-पॉइंट 120 च्या टेकडीवर ते अंतर त्याच्यासारख्याला किरकोळ. तो 97.5 मीटरवर उतरला. जर्मनी 970.1, जपान 956.9. साडेसात मीटरचे 1.8 च्या दराने साडेतेरा गुण होतात आणि फरक आहे 13.2 चा. ‘105 पुरले असते’ हे किती काटेकोर होतं ते यावरून कळेल.

नागानोच्या आधी कासाईच्या घोट्याला दुखापत झाली. लहान टेकडीवर तो सातवा आला, पण मोठ्या टेकडीच्या वैयक्तिक आणि सांघिक स्पर्धेसाठी त्याला घेतलं नाही. संघ उतरला तो ओकाबे, हिरोया साइतो, हारादा आणि काझुयोशी फुनाकी असा. 17 फेब्रुवारी 1998 ला हाकुबाच्या टेकडीवर दाट बर्फ पडत होतं. पहिल्या फेरीत हारादा 79.5 मीटरवरच खाली आला आणि जपान चौथ्या जागी घसरला. स्पर्धा तिथेच थांबवली असती तर पहिल्या फेरीचा निकाल कायम राहिला असता आणि जपानच्या हाती काहीच लागलं नसतं. अशा वेळी धाव (उडीआधी घसरत येण्याचा उतार) सुरक्षित आहे का ते पाहण्यासाठी चाचणी जंपरना सोडतात. त्या दिवशी ते 25 जण होते आणि त्यांत 1994 च्या संघातला निशिकाताही होता. त्यांनी एकामागून एक उड्या मारून ताजं बर्फ दाबत मार्ग खुला ठेवला, दुसरी फेरी झाली, ओकाबे आणि हारादा दोघंही 137 मीटर गेले आणि जपानने सुवर्ण जिंकलं.

ताज्या बर्फाने उडी आखूड का होते हेही सांगायला हवं. वरच्या धावेत स्कीसाठी दोन बर्फाच्या चाकोऱ्या असतात. त्यांत भुसभुशीत बर्फ साठलं की स्की चिकटते, वेग ताशी एखाद-दोन किलोमीटरने उतरतो आणि तेवढ्याने कित्येक मीटर जातात. वर उडीच्या क्षणी तोल पुढे फेकला जातो तो वेगळाच.

प्रश्न : चाळिशीनंतर गुडघे कुरकुरतात. हा माणूस शंभर मीटरवरून पडून कसा तगतो? (कोल्हापूर)

उत्तर : तो शंभर मीटरवरून पडत नाही. उडणारा खेळाडू बहुतेक वेळ जमिनीपासून साधारण तीन ते चार मीटरच वर असतो, कारण टेकडीचा उतार त्याच्या वाटेला जवळजवळ समांतर खाली जातो. उतरण्याच्या जागी उतार सुमारे 35 अंशांचा. धक्का बसतो तो वेगाच्या उताराला काटकोनात असलेल्या भागाचा, आणि हा भाग लहान असतो. हिल साइझच्या (सुरक्षित उतरण्याच्या मर्यादेच्या) रेषेपुढे गेलं की मात्र उतार सपाट होऊ लागतो आणि तिथे गुडघ्याचे अस्थिबंध तुटतात.

या खेळात ताकदीपेक्षा वेळ साधणं मोठं. मोठ्या टेकडीवर उडीच्या कडेशी वेग ताशी 90 किलोमीटरच्या घरात, म्हणजे सेकंदाला 25 मीटर. पाय झाडायला लागतात सुमारे 0.3 सेकंद. तेवढ्यात साडेसात मीटर मागे पडतात. म्हणून ढकल सुरू करायची ती कडेच्या सात-साडेसात मीटर आधी आणि संपवायची नेमकी कडेवर. सेकंदाचा शंभरावा भाग चुकला तरी 25 सेंटिमीटरचा फरक. लवकर उठलात तर कडेवर पोहोचेपर्यंत ताकद संपलेली असते आणि उभी छाती वाऱ्याला अडवते. उशीर केलात तर अर्धी ढकल हवेत वाया. ढकल फार पुढच्या दिशेने गेली तर शरीर स्कीवर आडवं पडू लागतं आणि पुढे डोक्यावर उलटण्याचा धोका. हा अंदाज पायाच्या तळव्यातून येतो आणि तो वयाबरोबर तितका झिजत नाही. कासाईकडे तो हजारो उड्यांतून आलेला होता.

झिजतं ते वेगळं. पायांतला स्फोटकपणा कमी होतो आणि वजन आटोक्यात राहत नाही. हलका माणूस लांब उडतो, पण त्याला नियमाची तळरेषा आहे : उंचीच्या मानाने वजन फार कमी असेल तर स्की आखूड घ्यावी लागते. पुरुषांसाठी अलीकडे ही रेषा शरीर-वस्तुमान निर्देशांक 21 च्या आसपास आहे. 176 सेंटिमीटरच्या माणसाला ती साधारण 65 किलो होते. विशीत त्या रेषेखाली घसरू नये म्हणून जपावं लागतं, चाळिशीत तिच्यावर जाऊ नये म्हणून. कासाईने त्यासाठी धावणं आणि मोजून खाणं कधी सोडलं नाही. 26 मार्च 2017 ला प्लानित्साला तो तिसरा आला तेव्हा 44 वर्षं 293 दिवसांचा होता, आणि त्याच महिन्यात विकेरसुंडला 241.5 मीटरची आयुष्यातली सर्वांत लांब उडीही त्याने मारली.

प्रश्न : जुन्या चित्रफितींत स्की समांतर दिसतात, आता इंग्रजी ‘व्ही’सारख्या. कासाई दोन्ही काळांत खेळला का? (रत्नागिरी)

उत्तर : हो, आणि हे फार थोड्यांच्या वाट्याला आलं. स्वीडनच्या यान बोक्लोवने 1980 च्या दशकात स्कीची टोकं फाकवून उडायला सुरुवात केली. पंच त्याचे शैलीगुण कापत राहिले, तरी 1988-89 चा विश्वचषक त्याने जिंकला. कासाईचा तो पहिलाच हंगाम. 1992 पर्यंत सगळे वळले.

फाकलेल्या स्कींमधून शरीर खाली येतं, त्यामुळे वाऱ्याला स्कीचा पृष्ठभाग आणि माणसाचं अंग दोन्ही मिळतात आणि उठाव वाढतो. धावत्या गाडीच्या खिडकीबाहेर तळहात किंचित तिरका धरला की तो आपोआप वर उचलला जातो, तसंच हे. कोन मात्र सांभाळावा लागतो. टोकं फार वर गेली तर वेग मरतो, फार खाली गेली तर वरून दाब येतो.

समांतर शैलीत घडलेल्या शरीराला हे नव्याने शिकावं लागलं. कासाईने ते पटकन उचललं आणि 1992 चं स्की फ्लाइंगचं विजेतेपद नव्या शैलीतच मिळवलं. त्याची खूण म्हणजे हनुवटी स्कींच्या मधोमध इतकी पुढे की बघणाऱ्याला वाटावं आता तोंडावर पडणार. युरोपात त्यावरून त्याला ‘कामिकाझे’ (आत्मघाती वैमानिक) म्हणू लागले. जपानमध्ये पुढे ‘लेजंड’ हेच नाव रुळलं.

प्रश्न : नागानोत जपानी जिंकले म्हणून युरोपियनांनी स्कीच्या लांबीचा नियम बदलून त्यांना खाली खेचलं, असं वाचलं. खरं का? (ठाणे)

उत्तर : नियम बदलला हे खरं. आधी स्कीची कमाल लांबी होती उंची अधिक 80 सेंटिमीटर. नागानोनंतर ती उंचीच्या 146 टक्के झाली, पुढे 145. हेतूबद्दल बोलण्यापेक्षा आकडेच बघू.

165 सेंटिमीटरच्या खेळाडूला आधी 245 ची स्की चालत होती, नंतर 240.9 ची. चार सेंटिमीटर गेले. 180 च्या खेळाडूला आधी 260, नंतर 262.8, म्हणजे जवळपास तीन सेंटिमीटर वाढले. दोन्ही नियम जिथे सारखे पडतात ती उंची साधारण 174. बुटक्यांचं नुकसान, उंचांचा फायदा हे स्पष्टच आहे आणि जपानी संघात बुटके जास्त होते, त्यामुळे तिकडची नाराजी समजण्यासारखी आहे.

पण कासाईची उंची सुमारे 176. त्याला आधी 256, नंतर 257 ला किंचित कमी. त्याच्यासाठी बदल जवळपास शून्य, आणि नियम बदलल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात तो एकूण तिसरा आला. पुढच्या वर्षांतल्या जपानी घसरणीचं सगळं खापर या एका नियमावर फोडणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न : कपड्यावरून खेळाडू बाद होतात म्हणे. कपड्याचा उडीशी काय संबंध? (औरंगाबाद)

उत्तर : फार जवळचा. सूट पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या थरांच्या कापडाचा असतो आणि त्यातून ठरावीक हवा आरपार जायलाच हवी : दर चौरस मीटरला सेकंदाला निदान 40 लिटर. हवा अडली तर कापड पंख होईल. तसंच सूट अंगापेक्षा काही सेंटिमीटरच सैल चालतो. सगळ्यांत नाजूक जागा दोन मांड्यांच्या मधली. तिथे कापड खाली ओघळलं की शिडासारखा पडदा तयार होतो आणि उडी लांबते.

2022 ला बीजिंगच्या मिश्र सांघिक स्पर्धेत जपानची सारा ताकानाशी पहिल्या उडीनंतर बाद झाली, कारण सूट मांड्यांवर 2 सेंटिमीटर जास्त सैल भरला. त्याच संध्याकाळी ऑस्ट्रिया, जर्मनी आणि नॉर्वेच्याही मुली बाद झाल्या, एकूण पाच. ताकानाशीने दुसरी उडी रडत का होईना मारली आणि जपान चौथा आला. हेतुपुरस्सर लबाडी प्रत्येक वेळी नसते. कडाक्याच्या थंडीत, कोरड्या हवेत, वजन थोडं उतरलं की मांडीचा घेर घटतो आणि सकाळी बसणारा सूट रात्री सैल ठरतो. म्हणून जाणते प्रशिक्षक स्पर्धेच्या दिवशी दोनदा माप घेतात. 2025 च्या ट्रोनहाइम जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या सुटांत ताठ धागा शिवलेला सापडला, ती मात्र उघड फसवणूक होती.

प्रश्न : या खेळावर पोट भरतं का? (जळगाव)

उत्तर : जपानमध्ये कंपन्यांचे संघ असतात. खेळाडू तिथे नोकरीला असतो, पगार मिळतो, आणि कंपनी अडचणीत आली की संघ बंद होतो. कासाईच्या बाबतीत दोनदा असं झालं : आधी चिझाकी कोग्यो, मग मायकल ही कंपनी. 2001 पासून तो घरबांधणीतल्या त्सुचिया होमच्या संघात आहे आणि 2009 पासून तिथे खेळाडू-प्रशिक्षक अशी दुहेरी भूमिका करतो. रयोयू कोबायाशी याच संघातून पुढे आला : 2018-19 ला फोर हिल्सच्या चारही स्पर्धा जिंकणारा आणि एकूण विश्वचषक जिंकणारा पहिला जपानी पुरुष, 2022 ला लहान टेकडीवर ऑलिंपिक सुवर्ण. एप्रिल 2024 मध्ये आइसलंडला खास बांधलेल्या टेकडीवर तो 291 मीटर गेला. ती उडी अधिकृत विक्रमात धरलेली नाही, कारण ती स्पर्धा नव्हती.

प्रश्न : शिमोकावातून इतके जंपर कसे? (चिपळूण)

उत्तर : काही हजार वस्तीच्या या गावातून कासाई, ओकाबे, दाइकी इतो आणि युकी इतो असे ऑलिंपिकपटू आले. 1994 च्या सांघिक रौप्यात गावचे दोघं, 2014 च्या कांस्यातही दोघं. शाळेजवळ लहान टेकड्या, लांबलेला हिवाळा, आणि वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला शिकवणार ही रीत. 1972 च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये युकिओ कासाया, आकित्सुगु कोन्नो आणि सेइजी आओची यांनी लहान टेकडीवरची तिन्ही पदकं घेतली, त्यानंतर होक्काइदोत या खेळाला वेगळाच जोर आला. कासाई जन्मला तो त्यानंतर चार महिन्यांनी.

प्रश्न : मे महिन्यात जपानला जाणार आहोत. साप्पोरोत काय बघता येईल? (डोंबिवली)

उत्तर : ओकुरायामा. तोझाई मेट्रोने मारुयामा कोएन स्थानकावर उतरा, तिथून बस मिळते. पायथ्यापासून दोन आसनी चेअरलिफ्टने माथ्यावर जाता येतं. तिथे उभं राहिलं की धाव थेट शहराच्या मध्यावर सोडल्यासारखी दिसते. पायथ्याशी ऑलिंपिक संग्रहालय आहे, त्यात उडीचा आभास देणारं यंत्र आहे. मुलांना आधी तिथे न्या. 1972 ची ती तीन पदकं जिंकली गेली ते मियानोमोरी जवळच आहे. सराव असेल त्या दिवशी लिफ्ट बंद असू शकते, त्यामुळे आधी चौकशी करून निघा. उन्हाळ्यातही उड्या चालतात : धावेत चिनी मातीच्या चाकोऱ्या आणि खालच्या उतारावर पाण्याने भिजवलेल्या प्लास्टिकच्या चटया. चटया कोरड्या पडल्या तर स्की अडकते, म्हणून सतत पाणी सोडत असतात.

प्रश्न : आम्ही म्युनिकला असतो. मुलगी सात वर्षांची आहे, तिला हे करून बघायचंय. (म्युनिक)

उत्तर : वय योग्य आहे. आधी एक हिवाळा साध्या अल्पाइन स्कीवर काढा, म्हणजे तिला न थांबता सरळ खाली येता येईल आणि वळून थांबता येईल. मग क्लबात लहान टेकडीवर, पाच ते दहा मीटरच्या उड्या, त्याही साध्या स्कीवरच. टाच मोकळी राहणारी लांब जंपिंग स्की नंतर, के-20 च्या (के-पॉइंट 20 मीटरवर असलेल्या टेकडीच्या) आसपास. तिथून के-30, के-60 असा क्रम असतो. मूल टेकडीवर बसून राहिलं, पाय उचलेना, तर एक टेकडी खाली आणा, वरून धक्का देऊ नका. हेल्मेट आणि पाठीचं संरक्षण पहिल्या दिवसापासून.

त्याआधी तिला एकदा प्रत्यक्ष दाखवून आणा. फोर हिल्स तुमच्या दारातच आहे : वर्षअखेरीला ओबर्स्टडॉर्फ, 1 जानेवारीला गार्मिश, मग इन्सब्रुक आणि 6 जानेवारीला बिशोफ्सहोफन. म्युनिकहून गार्मिशला रेल्वेने सुमारे दीड तास लागतो. पहिली फेरी जोड्यांची असते : 25 जोड्या, जिंकणारे 25 आणि हरलेल्यांतले सर्वोत्तम 5 पुढे. उडीच्या कडेच्या बाजूला उभं राहायची जागा मिळाली तर तीच घ्या. दूरदर्शनवर न कळणारी ती 0.3 सेकंदाची ढकल तिथून स्वच्छ दिसते आणि स्कीचा आवाजही ऐकू येतो.